आपल्या आपण आला

विलासचा फोन आला की मी आधी चहाचं आधण ठेवते आणि मग फोन उचलते. त्याचं बोलणं संपेपर्यंत चहा होऊन, पिऊन, कप विसळून होतो. मध्ये मध्ये 'हं' म्हटलं की त्याला पुरतं. दहिवलीत त्याची 'स्वबळ' नावाची अकादमी आहे. पोलीस भरतीची तयारी, हॉटेलातल्या नोकरीसाठी इंग्रजी बोलणं, आणि या दोन्हींवर त्याचं स्वतःचं भाषण, ते फुकट. खालापूरच्या शाळेतून मी निवृत्त झाले आणि घरात बसून भिंतींशी भांडायला लागले, तेव्हा यानंच मला आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवायला बोलावलं. म्हणून त्याच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

माणूस कष्टाळू, त्यात वाद नाही. माथेरानच्या पायथ्याच्या एका आदिवासी वाडीत जन्म. आश्रमशाळेत शिकला, माथेरानला हॉटेलात भांडी घासली, पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर वाहिल्या, मोहोपाड्याला कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी केली. पोलीस भरतीत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या वेळी स्वतः न धावता दुसऱ्यांना पळवायला लागला. त्यानं तयार केलेली पोरं मात्र भरती झाली. आज कर्जत तालुक्यात कुठल्याही चौकीत गेलं तरी एक तरी हवालदार त्याला 'सर' म्हणतो, आणि हे तो तुम्हाला सांगितल्याशिवाय सोडत नाही.

भाषणात विहीर हमखास यायची. आठ वर्षांचा असताना विलास वाडीच्या विहिरीत पडला होता. भर दुपार, आसपास चिटपाखरू नाही. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, तरी त्याच्या डोक्यावरून जाईल इतकं होतंच. तो बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला आणि तेवढ्यात हाताला दोर लागला. काठावरच्या उंबराला कोणीतरी बांधून ठेवलेला.

"एक आवाज नव्हता," तो सांगायचा, आणि इथे स्वतःचाही आवाज खाली आणायचा. "हाक नाही, काही नाही. जगात मी आणि तो दोर. पाय दगडांना लावले आणि स्वतःला वर ओढलं. वर आलो, पडलो, शुद्ध गेली. डोळे उघडले तर अख्खी वाडी भोवती उभी. आणि सगळे काय ओरडत होते? आपल्या आपण आला. पोरगा आपल्या आपण आला!"

इथे टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत, कारण गोष्ट चांगली होती आणि तो सांगायचाही चांगली. त्याच वर्षी त्याला आश्रमशाळेत घातलं, आईबाप कामासाठी खाली दहिवलीला उतरले आणि वाडी सुटली ती सुटलीच. लग्नकार्य, मयत, दोन-चार तासांसाठी काय तो जाऊन यायचा. पण ते वाक्य तो सोबत घेऊन आला होता. अकादमीच्या पाटीवर, वह्यांवर, पोरांच्या टी-शर्टांच्या पाठीवर तेच, फक्त शहरी कपडे घालून: 'जो तो आपला भार आपण ओढतो.'

अकादमीच्या वसतिगृहात स्वयंपाकाला गोदा होती. नात्यानं विलासची वहिनी, थोरल्या चुलतभावाची बायको, विलास आश्रमशाळेत गेला त्याच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन खोपोलीला गेली, तेव्हा विलासनंच तिला वाडीवरून आणून स्वयंपाकघरामागची खोली दिली होती. तिच्या हातची नाचणीची भाकरी मी दोनदा मागून घ्यायचे. बोलणं कमी, आणि जे असेल ते बहुतेक चुलीशी. तिचा डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही. केस विंचरायचे तर बिचारी मानच हाताकडे न्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लग्नाच्या वर्सी कातळावरनं घसरले, मॅडम. वैदूनं बसवला तो असाच बसला."

पोरं वाढली तशी पातेली वाढली. एकदा आमटीचं पातेलं उतरवताना तिचा हात सुटला आणि सगळी आमटी फरशीवर गेली. महिन्याभरात पुन्हा तेच झालं. कोणाला भाजलं नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या आधी चहा प्यायला स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हा विलास आला आणि माझ्यादेखतच बोलला.

"वैनी, वर्धापनदिनापासनं कर्जतचा केटरर येतोय. तू आता वाडीवर जाऊन आराम कर."

गोदानं पीठ मळणं थांबवलं नाही. "आराम काय करू, इलास? घर बंद हाय. वाडीवर म्हातारी सोडली तर हाय कोन?"

"घर नीट करून देतो. पन हितं जो तो आपला भार आपण ओढतो. पोरांना एक नियम आन् तुला दुसरा, असं चालंल का?"

"नाय," गोदा म्हणाली. एवढंच. तिनं रडावं, भांडावं असं मला फार वाटत होतं. ती पीठ मळत राहिली, उजव्या हातानं.

माझं डोकं फिरलं. त्याला बाहेर गाठून म्हटलं, "अरे, ती बाई तिकडे एकटी काय करेल? बसून बसून मरेल." तो म्हणाला, "मॅडम, मला कोणी उचललं नाही. म्हणून मी उभा राहिलो." त्या विहिरीपुढे आमचं कोणाचंच काही चालायचं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात त्यानं मला एक काम सांगितलं. नव्या हॉलच्या भिंतीवर इंग्रजी वाक्प्रचार रंगवायचे होते, खाली मराठीत अर्थ आणि तो कुठून आला ते. "सगळे ओढण्याचे पाहिजेत, मॅडम. स्वबळावरचे. ढकलण्याचा एक नको."

मी कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर मनात राग ठेवूनच लागले. 'पुल युअर वेट' तर त्याच्या पाटीचाच इंग्रज भाऊ. तो आला नाव वल्हवणाऱ्यांकडून. प्रत्येकानं निदान आपल्या वजनाइतकी तरी नाव ओढावी, नाहीतर तो नुसता बोजा. मी विलासला म्हटलं, "बघ, नावेत बाकीचे असतात हं. एकट्याची नाव नाहीये ती." त्यानं मान डोलावली आणि पुढचा विचारला. 'पुल युअर सॉक्स अप' हा घसरलेले मोजे वर ओढून नीट उभं राहण्याचा, तो त्याला कवायतीसारखा वाटला म्हणून आवडला. 'पुल स्ट्रिंग्ज', म्हणजे कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या पडद्याआडून ओढणं, आपल्या भाषेत वशिला. हा त्यानं तिथल्या तिथे कापला. "नको, पोरं सरळ आमदाराकडे जातील."

त्याचा सगळ्यात लाडका राहिला होता. 'पुल युअरसेल्फ अप बाय युअर बूटस्ट्रॅप्स'. बूट चढवताना धरून ओढायला बुटाला मागे पट्टी असते, ती धरून स्वतःला वर ओढायचं, म्हणजे कोणाच्या मदतीशिवाय वर यायचं. हॉलच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरांत हा येणार होता. मी त्याचं मूळ शोधायला बसले आणि जे वाचलं ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन ताडून पाहिलं. तिथेही तेच.

ती मुळात थट्टा होती. दीड-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कोणी अचाट बढाई मारली की लोक म्हणायचे, हा आता बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला कुंपणापलीकडे उचलून टाकणार. म्हणजे जे होऊच शकत नाही ते. पुढे शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात मुलांना प्रश्नच असायचा: माणूस बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर का उचलू शकत नाही? आणि नंतर कधीतरी, कोणी ठरवून नाही, लोक तेच वाक्य शाबासकी म्हणून वापरायला लागले. मला तर धक्काच बसला. जगभर माणसं एकमेकांना न होणारी गोष्ट करायला सांगत होती, आणि तीही उपदेश म्हणून. आपण मराठीत स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणतो. त्याला निदान खाली जमीन लागते.

मी हे विलासला सांगितलं. थोडं चवीनं सांगितलं, नाही म्हणत नाही. वाटलं, आता तरी हा गोदाबद्दल फेरविचार करेल.

तो हसला. "अमेरिकेतल्या लोकांना नसेल जमलं. मी केलंय, मॅडम."

"तुझ्या हातात दोर होता."

"दोर होता. माणूस नव्हता." मग त्याचं हसू गेलं. "तुम्हाला खोटं वाटतंय का? थांबा, दाखवतोच."

दाखवायचं म्हणजे व्हिडिओ काढायचा. रविवारी टेंपो काढून पोरं घेऊन वाडीवर जायचं, तसाच दोर उंबराला बांधून विलासनं विहिरीत उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. वर्धापनदिनाला तो पडद्यावर लावायचा. तेजश्री नावाची एक चुणचुणीत मुलगी भरतीची तयारी करायची, तिच्याकडे फोन दिला. आणि टेंपो जातोच आहे तर त्यातच गोदाची ट्रंक आणि बोचकं चढवलं. तिला वाडीवर सोडायचं ते त्याच फेरीत. मी पुढच्या सीटवर बसले, ती मागे पोरांमध्ये ट्रंकेवर. तिच्याकडे वळून बघायची मला हिंमत होत नव्हती.

टेंपो वाडीपर्यंत जातो, विहीर त्याच्या वर चढावर. गोदा आली नाही, सामानापाशी बसते म्हणाली. वाडीतला नामा म्हातारा काठी टेकत आमच्याबरोबर आला. विलास पुढे, खांद्यावर नवाकोरा दोर, तेजश्री चालता चालता चित्रण करत होती. विहीर जुनी, कातळ फोडून केलेली. आता नळ आल्यामुळे कोणी तिच्यावर येत नाही. विलास काठावर उभा राहिला, हात पसरून फोनकडे बघत म्हणाला, "हीच ती विहीर, आणि हा तो..." आणि वळला.

त्याच्यामागे काहीच नव्हतं. चारी बाजूंना सपाट काळा कातळ, ताटासारखा. झाड नाही, झाडाचं खोड नाही, दगडात खुंटी ठोकलेली नाही, रहाटाचा खांब नाही. सगळ्यात जवळचं झुडूप पार उताराला.

"उंबर कुठाय?" विलास म्हणाला.

"कसला उंबर?" नामानं विचारलं.

"हितं व्हता ना. दोर बांधलेला असायचा त्याला."

"कातळावर उंबर कुठनं येईल रं?"

"मग खुंट तरी? रहाट?"

"हितं काय सुदीक नव्हतं. बायका आपापला दोर आनायच्या, पानी शेंदून दोर घरी न्यायच्या."

पोरांना अजून काही कळलं नव्हतं. एक जण म्हणाला, "सर, आम्ही धरतो ना दोर. तुम्ही उतरा." विलास तुटकपणे म्हणाला, "नाही. कोणी धरायचं नाही. कोणी धरला तर गोष्ट काय राहिली?" आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडले तसा तो थांबला. मी त्याच्या समोर होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. तो खांद्यावरच्या दोराकडे बघत होता. दोर खाली आला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. तो धरून तो वर आला होता, हेही. दोराचं दुसरं टोक कुठे होतं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडलाच नव्हता. टोकाला त्यानं एक झाड लावून दिलं होतं, आणि दर भाषणाला पाणी घालून ते वाढवलं होतं.

तेजश्रीनं न सांगता फोन खाली घेतला.

"नामादादा," विलास म्हणाला, "मग दोर कुनी..."

नामा त्या वयात इतका चपळ असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यानं काठी टाकली आणि विलासच्या तोंडावर हात ठेवला. "हितं नाय," तो म्हणाला. "खाली चल."

खाली त्याच्या अंगणात, विहीर दिसेनाशी झाल्यावर, तो बोलला. "ह्या इहिरीची रीत हाय. दुसऱ्या वाडीत नाय. पान्यानं धरल्याला कुनी काढला, तर काढनाऱ्याचं नाव घ्यायचं नाय. कदीच नाय. पानी ऐकतं आन् मग त्यालाच बोलवून घेतं. काढनाऱ्यानं सुदीक मुकं ऱ्हायाचं, आवाज वळखू नये म्हनून. आन् मानूस वर आला की समद्यांनी इहिरीच्या तोंडाशी वरडायचं, आपल्या आपण आला. आपल्या आपण आला. म्हंजी पान्याला वाटतं, कुनी काढलाच नाय."

विलासनं विचारलं, "ते मला नव्हतं?"

"काय?"

"तुमी वरडलात ते. आपल्या आपण आला. ते मला सांगत नव्हता?"

"तुला कशाला सांगू? तू तर बेसुद व्हतास." नामाला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पान्याला सांगत व्हतो."

शिकवण्याच्या नोकरीत माणसांचे बरेच गैरसमज पाहिले, पण असा नाही. एका वाडीनं विहिरीला फसवायला एक खोटं वाक्य ओरडलं, ते एका पोरानं शुद्धीवर येता येता ऐकलं आणि त्यावर अख्खं आयुष्य बांधलं. वर अकादमी बांधली. शेकडो पोरांच्या पाठीवर ते छापलं. मला हसूही येईना आणि रडूही.

"नंतर तरी कुनी सांगायचं," विलास म्हणाला.

"नाव घ्यायचंच नाय तर काय सांगनार? आन् तू ऱ्हायलास कुठं हितं?"

टेंपोपाशी पोरं सामान उतरवत होती. गोदानं ट्रंकेची एक कडी उजव्या हातानं धरली होती, दुसरी एका पोरीनं. डावा हात अंगाशी लोंबत होता. लग्नाच्या वर्षी घसरले, असं ती मला म्हणाली होती. मी विलासकडे पाहिलं. तो त्या हाताकडेच बघत होता. नव्या नवरीचं वय ते काय असेल. काठावर बांधायला काही नाही, हाकही मारायची नाही, आणि दोराला खाली आठ वर्षांचं पोर, भिजलेलं, धडपडणारं. पाय रोवायला गुळगुळीत कातळ.

तो तिच्यापर्यंत चालत गेला. "वैनी," तो म्हणाला, "कुठल्या कातळावरनं घसरली व्हतीस तू?"

गोदानं आधी नामाकडे पाहिलं, मग वर चढाकडे. "आता काय आठवतंय," ती म्हणाली. "लई वर्सं झाली."

त्यानं तोंड उघडलं. पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तासन्‌तास बोलणारा तो माणूस, आणि त्यानं ते वाक्य गिळलं. विचारायची सोय नव्हती आणि आभार मानायचीही नव्हती. तिनं 'हो' म्हटलं असतं तर वाडीच्या हिशेबानं त्यानंच तिला पाण्याच्या स्वाधीन केलं असतं. 

मग त्यानं ट्रंक पोरीच्या हातातून काढून घेतली आणि एकट्यानं टेंपोत परत चढवली.

"ही कुठं नेतोस?" गोदा म्हणाली.

"परत."

"इलास, मला भार उचलत नाय आता. तुजा नियम हाय ना?"

"तो पान्याला सांगायचा व्हता," विलास म्हणाला. "मी ऐकला. तू पुढं बस."

येताना पुढे मी आणि ती बसलो, तो मागे पोरांमध्ये ट्रंकेवर. वाटेत गोदानं मला विचारलं, उद्या भाकरी किती जणांची टाकायची म्हणून.

वर्धापनदिनाला व्हिडिओ लागला नाही. केटरर मात्र आला. तो पातेली उचलतो आणि गोदा स्टुलावर बसून त्याच्या प्रत्येक फोडणीत खोट काढते, तो बिचारा रडकुंडीला आला आहे. हॉलच्या मधोमध तो पदार्थविज्ञानाचा जुना प्रश्न रंगवलाय, उत्तराशिवाय. बुटाची पट्टी म्हणजे काय, हे पोरं मला येऊन विचारतात.

भाषण अजून होतं आणि विहीर अजून येते. पण आता ती अशी येते: "मी विहिरीत पडलो. दोर आला. वर कोणीतरी होतं." मग तो थांबतो, आणि पूर्वी टाळ्या पडायच्या तिथे शांतता पडते. पहिल्या वेळी तेजश्रीनं विचारलं होतं, "कोण होतं, सर?" स्वयंपाकघरातला पळीचा आवाज तेवढ्यात बंद झाला.

"ते आमच्यात सांगत नाहीत," विलास म्हणाला.

आणि हो. गोदा हे नाव मी घातलंय. लिहायला बसले तेव्हा तिचं खरं नाव लिहिलं होतं. मी इंग्रजी शिकवलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी खोडलं.